कोरडा कागद

पान्याला अखेरचा हिसका बसला आणि सेन्सरचे आटे सुटले. मिस्त्रींनी पाना कारखान्यातल्या खड्ड्याच्या काठावर ठेवला, उरलेले दोन-तीन वेढे बोटांनीच फिरवले, आणि गाडीच्या पोटाखालून तो अंगठ्याएवढा तुकडा तळहातावर घेऊन हातदिव्यापाशी नेला. एक्झॉस्टचा पाइप अजून ऊन होता, सेन्सरही चटके देत होता. परंतु मिस्त्रींनी मूठ मिटली ती चटक्यामुळे नव्हे. सेन्सरचे टोक पांढरे होते. पिठाच्या गिरणीत उभे राहिलेल्या माणसाच्या भुवयांसारखे पांढरे.

"काय निघालं?" खड्ड्याच्या काठाशी स्टूल टाकून बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"बघतो."

"आत्ताच बघितलंत की."

"नीट बघतो म्हटलं."

डॉक्टरीणबाई गुरांच्या. दिवसाकाठी दहा गोठे पालथे घालणाऱ्या, बुटांना सदैव शेण लागलेल्या, आणि रोग्याकडून उत्तराची अपेक्षा नसल्यामुळे त्याच्या धन्यालाच नेमके प्रश्न विचारण्याची सवय जडलेल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिले नाही, स्टूलही हलवले नाही. मिस्त्रींची पाठ मात्र त्यांनी लक्षपूर्वक पाहिली. ती नेहमीसारखी ताठ नव्हती.

या मिस्त्रींना सर्व जण कोरडे मिस्त्री म्हणत. स्वभावामुळे, असे त्यांच्या पत्नीचे मत. कामामुळे, असे गिऱ्हाइकांचे. आणि दोन्ही पक्षांचे खरे होते. गाडी कशासाठीही आलेली असो, ब्रेकसाठी येवो की नुसत्या दिव्याच्या काचेसाठी, मिस्त्री इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, उघडल्यावाचून तिला जाऊ देत नसत. जुने रबरी पॅकिंग काढायचे, नवे बसवायचे, आणि त्यावर सिलिकॉनच्या पेस्टची एक अखंड वळी अंगठ्याने ओढायची, हा त्यांचा नित्यनेम. देवघरात गंध उगाळणारा माणूस ज्या निष्ठेने हात फिरवतो, त्या निष्ठेने तो अंगठा फिरे. मग इंजिन तापवून ते गाडीखाली एक कोरा पांढरा कागद अंथरत. सकाळी गिऱ्हाईक आले की वाकून तो कागद काढत आणि काही न बोलता त्याच्या हातात देत. कागदावर तेलाचा ठिपका कधीही नसे. बत्तीस वर्षांत नव्हता. काही गिऱ्हाइकांनी ते कागद जपून ठेवले होते म्हणतात. एका शिक्षकाने तर त्यांची वही शिवली होती.

असा हा माणूस खड्ड्यात मूठ मिटून उभा होता.

ऑक्सिजन सेन्सर म्हणजे इंजिनाच्या निर्गमद्वारी बसवलेला द्वारपाल. आत काय जळते हे त्याला दिसत नाही. बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू शिल्लक राहिला तेवढे तो हुंगतो आणि इंजिनाच्या मेंदूला कळवतो. पेट्रोल अधिक झाले तर सांगतो, कमी पडले तर सांगतो. त्याचे बोलणे थांबले की गाडीच्या धन्यासमोर एक पिवळा दिवा लागतो. आणि या द्वारपालाच्या तोंडाकडे पाहून जाणत्याला पुष्कळ कळते. काजळी असेल तर पेट्रोल जास्त. तपकिरी चिकटा असेल तर तेल जळते आहे. पण पांढरे तोंड मिस्त्रींनी उभ्या हयातीत तीनदाच पाहिले होते, तिन्ही एकाच वर्षात, सेन्सरच्या गाड्या त्यांच्याकडे येऊ लागल्या तेव्हा, आणि त्या तीन पांढऱ्या तोंडांपायी तीन माणसे त्यांचे घर सोडून गेली होती. तिसरे तेव्हा जन्माला यायचे होते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मिस्त्रींना मुलगा नव्हता. जावई होता, आणि तो याच खड्ड्यात त्यांच्या हाताखाली तयार झालेला. हात चांगला, बोलणे थोडे. बाजारातून सुटे भाग आणण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याने आणलेला एक सेन्सर पाच महिन्यांत निकामी झाला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही पांढरे. बाजारात कोणीतरी मिस्त्रींच्या कानावर घातले होते की जुने सेन्सर आम्लात धुऊन नव्या खोक्यात घालून विकणारे हल्ली बोकाळले आहेत. ती पांढरी पूड म्हणजे त्या धुण्याचीच खूण, असे मिस्त्रींच्या मनाने घेतले. मनाने एकदा घेतले की डोळे वकिलासारखे पुरावे गोळा करतात. जन्मभर ज्याने तपासल्यावाचून एक बोल्ट सैल केला नाही, त्याने त्या दिवशी तपासल्यावाचून माणूस सैल केला.

"नव्या खोक्यात जुना माल," तिन्ही गाड्यांच्या धन्यांसमोर ते म्हणाले होते. "बाहेर कशाला शोधायचं? चोर माझ्याच घरात निघाला."

जावयाने हात पुसले. जाता जाता तो भिंतीवरच्या खिळ्यांपाशी क्षणभर थांबला, जिथे पान्यांच्या शेजारी सिलिकॉनची ट्यूब टांगलेली असे.

"जाताना काही उचलून नेऊ नकोस," मिस्त्री म्हणाले होते.

लेक तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. दारात उभी राहून तिने एवढेच विचारले, "बाबा, हे तुम्ही बोललात?" दुपारपर्यंत दोघे निघून गेली. नात आता चार वर्षांची व्हायला आली होती. तिचा एक फोटो मिस्त्रींच्या पत्नीने फडताळातल्या साखरेच्या डब्याखाली ठेवला होता. तो तिथे आहे हे मिस्त्रींना ठाऊक नाही, असे ती समजत होती.

त्यानंतर दिवा लागलेली गाडी मिस्त्री घेतच नसत. "ते विजेचं काम, दुसरीकडे न्या," म्हणत. डॉक्टरीणबाईंची गाडी त्या तीन गाड्यांतली एक. तीही दुसऱ्या कारखान्यात जाऊ लागली. तिथे बसवलेला सेन्सर साडेतीन वर्षे विनातक्रार चालला, आणि ही बातमी मिस्त्री गिऱ्हाइकांना आवर्जून सांगत. बघा, चोराचा हात लागला नाही तर माल कसा टिकतो. पाच महिन्यांपूर्वी बाईंच्या अंगणात तेल ठिबकू लागले आणि त्या परत आल्या. ठिबकणे थांबवावे तर कोरड्या मिस्त्रींनीच. मिस्त्रींनी नेहमीप्रमाणे कव्हर उघडले, वळी ओढली, कागद दिला. सेन्सरचे वय झाले होते म्हणून तोही बदलला. या खेपेस तो त्यांनी स्वतः जाऊन आणला होता, थेट सुट्या भागांच्या मोठ्या पेढीतून. खोक्याचे सील स्वतःच्या नखाने फोडले होते. स्वतःच्या हाताने आटे फिरवले होते. मधे कोणाचाच हात नव्हता, म्हणून दिवा लागला तेव्हा गाडी नाकारताही आली नाही.

आणि आज तोही पांढरा.

मिस्त्री शिडीने वर आले. मूठ उघडून त्यांनी सेन्सर बाईंपुढे धरला. त्यांना तो लपवता आला असता. पण खोटे बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला लपवण्याचाही सराव नसतो.

"हा असाच होता तेव्हा," बाई म्हणाल्या. "मला आठवतं."

"हो."

"म्हणजे हाही धुतलेला?"

"नाही. हा मी आणलाय."

बाईंनी सेन्सर मिस्त्रींच्या तळहातावर एकदा उलटा करून पाहिला.

मिस्त्री कामाला लागले. सकाळीच त्यांनी सेन्सरच्या तारेला मीटर लावून पाहिला होता. चांगल्या सेन्सरचा काटा लंबकासारखा सारखा खाली-वर होतो. याचा काटा गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यासारखा, उठू की नको करत वर जात होता. तारा त्यांनी तपासल्या होत्या, त्या धड होत्या. पाइपाच्या सांध्यांवर साबणाचे पाणी सोडले होते, एकही बुडबुडा आला नव्हता. राहिले रेडिएटरचे पाणी. ते आत झिरपून जळत असेल तरीही असा पांढरा थर चढतो, असे त्यांनी ऐकले होते, आणि आता त्यांना ते पाणीच गुन्हेगार असायला हवे होते. त्यांनी हवेचा पंप लावला, दाब भरला आणि काट्याकडे टक लावून उभे राहिले. पाच मिनिटे. दहा मिनिटे. काटा तसूभर हलला नाही. पाणी कुठेच झिरपत नव्हते.

"तुमच्याकडे बोलत नाही ना गाडी?" बाई म्हणाल्या. "माझ्याकडेही कोणी बोलत नाही. म्हैस काय सांगणार, पोटात कळ येते म्हणून?"

"मग तुम्ही काय करता?"

"एक जनावर आजारी पडलं तर जनावर तपासते. एकाच गोठ्यातली तीन पडली, तर जनावरांकडे बघतसुद्धा नाही."

"मग?"

"गव्हाण तपासते. काय खाल्लं, कोणी घातलं." त्या उठल्या, स्टूल भिंतीशी सरकवले. "उद्या आठ वाजता येते. नऊला एका गोठ्यावर गाभण गाय आहे, दिवस भरलेत म्हणतात. गाडी हवीच आहे मला."

त्या गेल्यावर मिस्त्री उघड्या बॉनेटखाली दोन्ही हात टेकून उभे राहिले.

गव्हाण. इंजिन काय खाते? पेट्रोल खाते, हवा खाते. पेट्रोल गावातल्या सगळ्या गाड्या एकाच पंपावरून घेतात. हवा तर सर्वांची एकच. आणि? टॅपेट कव्हरच्या माथ्यावरून निघून हवेच्या नळीला मिळणारा एक बोटभर जाडीचा रबरी पाइप त्यांच्या नजरेसमोर होता. इंजिनाच्या आत तेलाची जी वाफ होते ती बाहेर न सोडता या वाटेने पुन्हा इंजिनालाच पाजली जाते. म्हणजे कव्हरखाली जे काही वाफाळेल, ते इंजिन पिणार, जाळणार, आणि त्याची राख त्या द्वारपालाच्या तोंडावर जाऊन बसणार.

कव्हरखाली काय वाफाळते?

त्यांनी कव्हरचे बोल्ट सोडले. कव्हर सहज निघेना. ते त्यांनीच चिकटवलेले होते आणि त्यांचे चिकटवणे ख्यातकीर्त होते. सुरी घालून उचकटावे लागले. आतल्या कडेने पेस्टची वळी दबून आत आलेली होती, सलग, मांसल, एका जाडीची, कुठेही तुटलेली नाही. आपल्याच हाताची सही ओळखावी तशी ती त्यांनी ओळखली. इंजिनाच्या पोटाला टेकलेली तिची आतली बाजू धगीने सुकून तडकली होती आणि कोपऱ्यावर तिला पांढरट पापुद्रा आला होता.

ते भिंतीपाशी गेले. ट्यूब नेहमीच्या खिळ्यावर होती, नेहमीप्रमाणे नावाची बाजू पुढे. पाठची बाजू त्यांनी कधी पाहिली नव्हती. भाजीवालीकडे भाजी घेताना कोणी तिचा दाखला मागत नाही. त्यांनी चष्मा शोधला, तो कपाळावरच होता, खाली ओढला आणि ट्यूब दारातल्या उजेडात धरली. बारीक अक्षरांच्या सहा ओळी होत्या. पाचवी ओळ त्यांनी दोनदा वाचली. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजिनासाठी वापरू नये. वाफेने सेन्सर निकामी होतो.

आणि तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. जावई गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ही ट्यूब, म्हणजे हिची कोणी पूर्वज, खिळ्यावर उलटी दिसली होती. नाव भिंतीकडे, पाठ पुढे, ती बारीक अक्षरे येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे. पोराने रागात काहीतरी उलटसुलट करून ठेवले म्हणून पुटपुटत मिस्त्रींनीच ती सुलटी केली होती.

जाताना काही उचलून नेऊ नकोस.

घर कारखान्याच्या पाठीशीच होते. मधे फक्त धुण्याचा दगड आणि दोरी. पत्नी वाळलेले कपडे काढत होती. मिस्त्री तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. एका हातात सेन्सर होता, दुसऱ्यात ट्यूब, आणि दोन्ही तिला दाखवावेत की नाही हे न सुचून ते देवळाबाहेर चपला धरून उभ्या राहिलेल्या माणसासारखे दिसत होते.

पत्नीने आधी ट्यूबकडे पाहिले. सेन्सरकडे पाहिलेच नाही. मिस्त्रींना तेवढे पुरले.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"ठाऊक होतं."

"कधीपासून?"

"ती दोघं गेली त्याच्या आठव्या दिवशी लेकीचा फोन आला होता. तेव्हापासून."

"म्हणजे त्याला ठाऊक होतं. त्याच दिवशी."

"त्याच्याही आधी. तो बोलला होता तुम्हाला, मामा, हे पॅकिंग कोरडंच बसतं म्हणून. तुम्ही काय म्हणालात ते आठवतं?"

मिस्त्रींना आठवत होते. अंडं कोंबडीला शिकवायला लागलं, असे ते म्हणाले होते, आणि दोन गिऱ्हाइके हसली होती.

"आणि तू चार वर्षं गप्प बसलीस."

पत्नीने सदऱ्याची घडी घातली, ती मनासारखी आली नाही म्हणून मोडून पुन्हा घातली. "त्यानंच सांगितलं होतं. म्हणाला, मामी, आम्ही तरुण आहोत, कुठेही पोट भरू. पण मामांकडून तो कागद काढून घेतला तर त्यांच्याजवळ राहील काय? त्यांना नका सांगू."

"असं म्हणाला?"

"असंच."

"आणि तू ऐकलंस त्याचं."

"कोणाचं तरी ऐकायलाच हवं होतं. तुम्ही तर कोणाचंच ऐकत नव्हतात." तिचा आवाज चढला नाही. "एकदा तोंड उघडलं होतं मी. तिच्या बाळंतपणाच्या वेळी. म्हटलं, जावयाचं एकदा म्हणणं तरी ऐकून घ्या. तुम्ही म्हणालात, तिकडे गेलीस तर इकडे परत येऊ नकोस. मी गेले नाही. पहिलटकरीण होती, सासू नाही, कोणी नाही. शेजारणीनं केलं सगळं."

दोरीवरचा शेवटचा कपडा काढून तिने खांद्यावर टाकला.

"तुमच्या गाड्यांखालचे कागद कोरडे राहिले, एवढं मात्र झालं," ती म्हणाली आणि आत गेली.

मिस्त्रींनी दुपारचे जेवण घेतले नाही. त्यांनी कव्हरची कड खरवडली, इंजिनाची कड खरवडली, पेस्टचा कण कण चिमट्याने वेचला. जुने तेल सोडून दिले. हवेची नळी, तो बोटभर पाइप, सारे धुऊन वाळवले. नवा सेन्सर आणून बसवला. नवे रबरी पॅकिंग कव्हरच्या खाचेत बसवले आणि त्यांचा उजवा अंगठा, त्यांना न विचारता, ट्यूबच्या दिशेने निघाला. बत्तीस वर्षांची वाट ती. पायाखालची असावी तशी अंगठ्याखालची. त्यांनी तो डाव्या हाताने धरला. तसाच धरून ते स्टुलावर बसले, आणि संध्याकाळचा उजेड फरशीवर तिरपा येईपर्यंत बसून राहिले. कव्हर उघडेच होते.

मग ते घरात गेले.

"नंबर लाव," ते पत्नीला म्हणाले.

तिने कोणाचा म्हणून विचारले नाही. नंबर तिच्या बोटांना पाठ होता. घंटा वाजू लागली तसा तिने फोन त्यांच्या हातात दिला आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली, पाठ करून.

"हॅलो?" पलीकडे पान्यांची खणखण ऐकू येत होती, तोही कारखान्यातच होता.

"मी बोलतोय."

खणखण थांबली. "बोला मामा."

मामा. चार वर्षांनी तोच शब्द, त्याच जागी ठेवलेला, धूळही न बसलेला. दिवसभर मिस्त्रींनी एक वाक्य जुळवले होते. ते चांगले वाक्य होते. त्यात 'चुकलो' हा शब्द होता. त्यांनी तोंड उघडले.

"टॅपेट कव्हरचं पॅकिंग," ते म्हणाले, "कोरडंच बसवायचं का?"

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हो मामा," जावई सावकाश म्हणाला. "कोरडंच. नवं रबर असेल तर बाकी काही लागत नाही. फक्त दोन कोपऱ्यांत, जिथं जोड येतो तिथं, थेंब लावायचा. तोही सेन्सरला चालतो तो. ट्यूबवर लिहिलेलं असतं."

"वाचलं मी."

"बरं."

"आज वाचलं."

"बरं, मामा." जावयाचा आवाज किंचित बदलला, जवळ आला. तो काहीतरी म्हणणार होता, किंवा मिस्त्रींनी म्हणावे म्हणून जागा करून देत होता. पाहुणा आला की बाकावर सरकून बसावे तसा. मिस्त्रींना ती जागा स्पष्ट दिसत होती. ते बसले नाहीत. क्षण गेला, आणि जावयानेच तो पुरा केला. "बोल्ट मधून बाहेर घट्ट करत जा. एकदम आवळू नका, रबर सरकतं."

"ते येतं मला," मिस्त्री म्हणाले. त्यांना हे म्हणायचे नव्हते.

"हो. तुम्हीच तर शिकवलं."

पलीकडे एक लहान आवाज आला, पायांत येऊन घोटाळणाऱ्या मांजरासारखा. "बाबा, कोण आहे?"

मिस्त्रींनी फोन कानाशी इतका दाबला की कानाची पाळी दुखली.

"कोणी नाही ग," जावई तिला म्हणाला. मग थोडे थांबून, जणू हे उत्तर त्यालाच पटले नाही म्हणून, त्याने ते सुधारले. "एक मिस्त्री आहेत."

फोन कोणी आधी ठेवला हे नंतर मिस्त्रींना सांगता आले नसते. पत्नी दारात तशीच उभी होती.

"बोललात?" तिने न वळता विचारले.

"विचारलं."

ती वळली. मग तिने साखरेचा डबा काढला, चहाचे आधण ठेवले, आणि डब्याखालचा फोटो, आता लपवण्यात अर्थ नाही असे जणू तिने ठरवले असावे, ओट्याच्या भिंतीला टेकून उभा केला. मिस्त्रींनी त्याच्याकडे पाहिले नाही. पाहायचे तेवढे त्यांनी फार पूर्वीच चोरून पाहून घेतले होते.

रात्री हातदिव्याच्या उजेडात त्यांनी कव्हर बसवले. कोरडे. बोल्ट मधून बाहेर, थोडे थोडे, दोन फेऱ्यांत. कोपऱ्यांच्या दोन थेंबांसाठी त्यांनी चहानंतर पेढीत जाऊन दुसरी ट्यूब आणली होती आणि तिची पाठ आधी वाचली होती. मीटर लावून इंजिन चालू केले. काटा लंबकासारखा उड्या मारू लागला. पिवळा दिवा विझला. इंजिन चांगले तापल्यावर त्यांनी ते बंद केले आणि गाडीखाली कोरा कागद अंथरला.

अंथरताना त्यांच्या मनात काय होते ते त्यांनी कोणालाही सांगितले नसते. त्यांना ठिपका हवा होता. मोहरीएवढा का होईना, एक. कागद डागळला तर एवढे तरी ठरेल की ती वळी लागत होती. की बत्तीस वर्षांचा नेम सेन्सरला विष झाला तरी निदान तेलाला बांध होता. की पोरगा एका गोष्टीत बरोबर असला तरी एका गोष्टीत म्हातारा बरोबर होता. देवापुढे बसून अपयश मागणारी माणसे थोडी असतात. त्या रात्री मिस्त्री त्यांतले एक होते.

सकाळी आठाला डॉक्टरीणबाई आल्या. मिस्त्री खड्ड्याशीच उभे होते. आंघोळ झालेली, सदरा धुतलेला. त्यांनी अजून वाकून पाहिले नव्हते.

"सापडलं?" बाईंनी विचारले.

"सापडलं."

"सेन्सरच का?"

"नाही." मिस्त्रींनी भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिले. जुनी ट्यूब अजून तिथेच होती, फक्त आता तिची पाठ पुढे होती. "गव्हाणीतच होतं. मीच घालत होतो."

बाई त्या ट्यूबपाशी गेल्या, मान तिरकी करून सहा ओळी वाचल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा डॉक्टर गेला होता.

"त्या दिवशी मीही इथंच होते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोललात तेव्हा मी मान डोलावली होती. मला वाटलं, मिस्त्री म्हणतात म्हणजे असेलच."

मिस्त्री गुडघे धरून खाली वाकले. गाडीखालून त्यांनी कागद ओढून काढला. त्यांनी तो पाहिला. मग उलटा करून पाहिला. मग दारात जाऊन उजेडाकडे धरून पाहिला, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, नवशिक्याने नाडी शोधावी तसा.

"ठिपकाही नाही," मागून बाई म्हणाल्या.

"नाही."

"जावयाला सांगितलंत?"

"काल फोन केला होता."

"मग? काय म्हणाला?"

मिस्त्री कागदाकडेच पाहत होते. "बोल्ट मधून बाहेर घट्ट करत जा म्हणाला."

बाईंनी नेहमीप्रमाणे कागदासाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी तो पाहिला असावा. पण हा कागद जावयाचा होता; त्यांनी त्याची एक घडी घातली, मग दुसरी, मग तिसरी, आणि सदऱ्याच्या खिशात तो ठेवून वरून हात दाबला. मग ते गाडीच्या किल्ल्या आणायला गेले, आणि बाईंचा हात तेवढा वेळ तसाच पुढे राहिला.